हळदीचा अर्क तपासताना: पोत्यापासून लेबलापर्यंत

प्रयोगशाळेत तपासणीला येणाऱ्या अर्काच्या बाटलीबरोबर एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा दोनच मागण्या असतात: अँटिऑक्सिडंट आणि अँटिबॅक्टेरियल. अर्क कुठल्या वनस्पतीचा, तिच्या कुठल्या भागाचा, कशात काढलेला, कधी काढलेला, याबद्दल चिठ्ठी गप्प. जी तपासणी सगळ्यांत शेवटी करायची तिनेच सुरुवात होते आणि पुष्कळदा तिथेच शेवटही होतो. मग ‘८५ टक्के अँटिऑक्सिडंट क्रिया’ असा आकडा लेबलावर छापला जातो. कशाचे ८५ टक्के, हे छापणाऱ्यालाही सांगता येत नाही.

इथे क्रम असा धरला आहे: आधी ओळख, मग अर्क, मग त्यातला मुख्य घटक किती, मग नको ते किती, आणि हे सगळं हातात आल्यावर परिणाम. उदाहरण हळदीचं घेतलं आहे. एक तर ती आपल्याकडे मुबलक आहे. सांगली, वर्ध्याजवळचं वायगाव आणि हिंगोलीतलं वसमत, अशा तीन ठिकाणच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरं म्हणजे, तपासणाऱ्याला फसवण्यात हळदीचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्या पिवळ्या रंगामुळे जवळपास प्रत्येक चाचणीत घोळ होऊ शकतो. हळद नीट तपासता आली की आवळा, मंजिष्ठा किंवा माका तपासणं त्यामानाने सोपं जातं.

नमुना घेण्याआधी

पहिला प्रश्न: अर्क पोटात जाणार आहे की त्वचेवर लागणार आहे? पोटात जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधाला आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, मर्यादा लागतात, चेहऱ्याच्या क्रीमला सौंदर्यप्रसाधनांच्या. शिशाची, जंतूंची, द्रावकांची मर्यादा त्याप्रमाणे बदलते. हे न सांगता प्रयोगशाळेत गेलात तर तिथला माणूस त्याच्या सवयीच्या मर्यादा लावून मोकळा होईल.

दुसरं, कागद. हळद कुठून घेतली, कुठल्या हंगामाची, कुठली जात, शिजवून वाळवलेली की कच्च्या चकत्या करून वाळवलेली, पॉलिश केलेली आहे का, साठवण किती दिवसांची. यातली प्रत्येक गोष्ट पुढे कुठल्या ना कुठल्या आकड्याचा अर्थ लावायला लागते. जुन्या साठ्यातल्या हळदीत सुगंधी तेल उतरलेलं असतं, आणि ओल लागलेल्या साठ्यात बुरशीचं विष शोधावं लागतं.

नमुना घेण्याचा सोपा नियम असा: पोती जितकी असतील त्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्यात एक मिळवा आणि तितकी पोती उघडा. २५ पोत्यांतून ६. प्रत्येकातून वरचं, मधलं आणि तळचं घ्या. गड्डे आणि हळकुंडं ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात घ्या. चांगली दिसणारी हळकुंडं निवडून दिली तर अहवाल फक्त त्या हळकुंडांचा येईल. सगळं एकत्र दळून स्वच्छ कागदावर ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला करा आणि हवं तेवढं वजन उरेपर्यंत हेच करा. यातला एक भाग हवाबंद, प्रकाश न लागेल अशा डब्यात राखीव ठेवा. वाद झाला तर हाच कामाला येतो.

ओळख: आधी झाड, मग भुकटी

वनस्पतीची अधिकृत ओळख पटवून घ्यायची तर पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथे भुकटीची पुडी घेऊन जाऊ नका. पानं, कंद आणि शक्य असेल तर फुलोरा असलेलं दाबून वाळवलेलं झाड लागतं. गंमत अशी की हळद काढणीला येते तेव्हा पाला वाळून गेलेला असतो. त्यामुळे हर्बेरियमसाठीचा नमुना पावसाळा सरता सरता, झाड हिरवं आणि फुलावर असताना त्याच शेतातून घेऊन ठेवावा लागतो. विद्यार्थ्यांना हे मार्चमध्ये आठवतं, आणि मग वर्ष जातं.

ही खटपट कशासाठी, हे बाजारात गेलं की कळतं. स्वयंपाकाची हळद म्हणजे कर्क्युमा लाँगा. आंबेहळद ही कर्क्युमा अमाडा, रानहळद ही कर्क्युमा अरोमॅटिका, कचोरा ही कर्क्युमा झेडोआरिया. उटणी आणि लेपांत आंबेहळद व रानहळद पसंत केल्या जातात, कारण त्या कातडीला पिवळं करत नाहीत. दक्षिणेत रानहळदीला कस्तुरी मंजळ म्हणतात आणि त्या नावाखाली कचोराच विकला जातो, ही तिथली जुनी तक्रार आहे. आंबेहळदीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य घटक, अगदी नाममात्र असतं. तेव्हा ‘आंबेहळद अर्क, कर्क्युमिन ५ टक्के’ अशी जाहिरात दिसली तर एक तर ती आंबेहळद नाही किंवा तो आकडा खरा नाही.

भुकटीसाठी सूक्ष्मदर्शक हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित साधन आहे. आपल्याकडे हळद शिजवून वाळवतात, त्यामुळे तिच्यातला स्टार्च फुगून, एकमेकांत मिसळून त्याचे पिवळे गोळे झालेले दिसतात. त्याच काचपट्टीवर स्टार्चचे सुटे, धडधाकट कण दिसले आणि ध्रुवित प्रकाशात त्यांच्यावर काळी फुली उमटली, तर तांदूळ, मका किंवा तत्सम पीठ मिसळल्याची शंका घ्यावी. मात्र कच्च्या चकत्या वाळवून केलेल्या हळदीतही असे कण असतात. म्हणून तर वर कागदावर ‘शिजवलेली की कच्ची’ लिहून घ्यायला सांगितलं.

पाठोपाठ पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी. यात द्रावक पट्टीवरून वर चढतं आणि अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. सिलिका जेल ६० एफ-२५४ ची पट्टी, क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल ९५:५ या प्रमाणात. शेजारी प्रमाणित कर्क्युमिन आणि खात्रीच्या हळदीचा अर्क लावा. खऱ्या हळदीचे तीन पिवळे ठिपके पडतात: सगळ्यांत वर कर्क्युमिन, मध्ये डिमेथॉक्सीकर्क्युमिन, खाली बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. या तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड्स म्हणतात. ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ते चमकतात. मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा रंग असेल तर तो जवळपास सुरुवातीच्या रेषेपाशीच रेंगाळतो. तीनऐवजी एकच गडद ठिपका दिसला तर कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं कर्क्युमिन मिसळलं असण्याची दाट शक्यता असते. त्याची खात्री कार्बन-१४ मोजून करतात. खनिज तेलापासून बनलेल्या रेणूत कार्बन-१४ उरलेला नसतो, शेतातून आलेल्यात असतो.

घरच्या घरी करायची प्राथमिक चाचणीही आहे. भुकटी थोड्या अल्कोहोलमध्ये हलवा आणि वरच्या पिवळ्या द्रवात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. लालसर-जांभळा रंग आला तरी घाबरू नका. हळदीचा स्वतःचा रंगही आम्लात तसाच पालटतो. आता पाणी घाला. रंग गेला तर तो हळदीचा, टिकला तर मेटॅनिल यलोचा. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

अर्क काढणं

प्रयोगशाळेसाठी १०० ग्रॅम भुकटी ४० मेशच्या चाळणीतून गाळून घ्या. १ लिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये अधूनमधून ढवळत २४ तास भिजवा, गाळा आणि ताज्या इथेनॉलने हेच आणखी दोनदा करा. सॉक्सलेट उपकरणात ६ ते ८ तासांत काम होतं, पण तिथे अर्क सतत उकळत्या द्रावकात राहतो, त्यामुळे सुगंधी तेलही मोजायचं असेल तर थंड पद्धत बरी. गाळून मिळालेले सगळे द्रव एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४५ अंशांच्या आत आटवा. उरतो तो दाट, नारिंगी-तपकिरी चिकट अर्क. त्याचं वजन करा आणि तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा. कर्क्युमिन उजेडात मोडतं.

इथेनॉल दुकानातून सहज मिळत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून लहान उद्योजक मेथॅनॉलकडे वळतात. मेथॅनॉल फक्त मोजणीपुरतं वापरावं. विकायच्या अर्काजवळ ते फिरकू देऊ नये. पाण्याचा पर्यायही सुचवला जातो, पण कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. हळदीचा काढा करून त्यात कर्क्युमिन शोधायला पाठवणं म्हणजे पैसे वाया.

भुकटी आणि अर्काचं गुणोत्तर नोंदवा. समजा १०० ग्रॅममधून ९ ग्रॅम अर्क निघाला, तर ते साधारण ११:१. हा आकडा लेबलावर छान दिसतो म्हणून विक्रेते तोच पुढे करतात. त्यातून ताकद कळत नाही. साखर आणि स्टार्च जास्त ओढून घेतला तर अर्क भरपूर निघतो आणि तरीही पोकळ असतो.

एक छोटी पण नेहमीची चूक. ओलावा मोजायला भुकटी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि घटलेलं वजन म्हणजे पाणी असं धरतात. हळदीत सुगंधी तेल ४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, तेही उडून जातं आणि ओलावा फुगलेला दिसतो. टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळं मोजा, किंवा कार्ल फिशर पद्धत वापरा. राखेची चाचणी मात्र जशीच्या तशी करा. एकूण राख ९ टक्क्यांच्या वर किंवा आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याच्या वर गेली तर माती, वाळू किंवा खडूची भुकटी आहे असं समजा.

कर्क्युमिन किती?

इथे दोन मार्ग आहेत. स्पेक्ट्रोफोटोमीटर हा स्वस्त मार्ग. इथेनॉलमधलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतं आणि त्याचं १ टक्का द्रावणाचं, १ सेंटिमीटर जाडीचं प्रमाणित शोषण १६०७ धरतात. समजा १० मिलिग्रॅम अर्क १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवला, त्यातले ५ मिलिलिटर घेऊन ५० केले. आता दर १०० मिलिलिटरमध्ये ०.००१ ग्रॅम अर्क आहे. वाचन ०.६० आलं. ०.६० भागिले १६०७ म्हणजे ०.०००३७३ ग्रॅम. ०.००१ मध्ये इतकं, म्हणजे ३७.३ टक्के.

यातली मेख अशी की यंत्राला फक्त पिवळेपणा दिसतो. तिन्ही कर्क्युमिनॉइड्स, त्यांचे मोडलेले तुकडे, मेटॅनिल यलो, सगळं एकाच आकड्यात जमा होतं. म्हणून ही पद्धत आपल्याच कारखान्यात रोजच्या बॅचवर नजर ठेवायला चांगली, पण खरेदी-विक्रीच्या व्यवहारात एचपीएलसीच हवी, म्हणजे घटक वेगळे करून एकेक मोजणारी द्रव क्रोमॅटोग्राफी.

एचपीएलसीसाठी सी-१८ स्तंभ, २५० बाय ४.६ मिलिमीटर, ५ मायक्रॉन. अॅसिटोनायट्राइल आणि सौम्य अॅसेटिक आम्ल जवळपास निम्मे-निम्मे, मिनिटाला १ मिलिलिटर, ४२५ नॅनोमीटर. टीएलसीच्या उलट इथे बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन सर्वांत आधी बाहेर पडतं आणि कर्क्युमिन शेवटी. प्रमाणित पदार्थाची किमान पाच द्रावणं करून रेषा काढा. तिचा आर-वर्ग (बिंदू रेषेशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.९९९ च्या खाली गेला तर नमुने लावू नका, आधी कारण शोधा. एकच द्रावण सहा वेळा सोडून वाचनांतला फरक २ टक्क्यांच्या आत आहे का पाहा. सगळी द्रावणं तपकिरी काचेत, ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, त्याच दिवशी. रात्रभर खिडकीजवळ राहिलेल्या द्रावणाचा आकडा कमी येणारच.

आता हिशोब. ५० मिलिग्रॅम अर्क ५० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये, त्यातला १ मिलिलिटर ५० पर्यंत. द्रावणात दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम अर्क. रेषेवरून तिन्ही कर्क्युमिनॉइड्सच्या, आलेखातल्या शिखरांची बेरीज ७.२ मायक्रोग्रॅम आली, म्हणजे ३६ टक्के. अर्कात ६ टक्के पाणी आणि उरलेलं द्रावक असेल तर कोरड्या अर्कावर तोच आकडा ३६ भागिले ०.९४, म्हणजे ३८.३ टक्के होतो. दोन्ही खरे आहेत. अहवालात ‘कोरड्या वजनावर’ की ‘आहे त्या स्थितीत’ हे लिहिलेलं नसेल तर दोन विक्रेत्यांचे आकडे शेजारी ठेवून भाव करू नका.

आणखी एक ताळा करून पाहा. फारसा कुणी करत नाही, पण सगळ्यांत जास्त चुका यातच सापडतात. ९ ग्रॅम अर्काचे ३६ टक्के म्हणजे ३.२४ ग्रॅम. मूळ १०० ग्रॅम भुकटी वेगळी तपासली असता ३.६ टक्के आली असेल, तर ९० टक्के कर्क्युमिन अर्कात उतरलं. ठीक आहे. हाच ताळा १३० टक्के आला तर वजन, पातळ करण्याचं गणित किंवा प्रमाणित पदार्थाची शुद्धता, यांपैकी काहीतरी चुकलं आहे. किंवा अर्कात नंतर कुणीतरी काही मिसळलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार औषधी हळदीत किमान ३ टक्के कर्क्युमिनॉइड्स आणि किमान ४ टक्के सुगंधी तेल हवं. त्याखालच्या मालातून चांगला अर्क निघत नाही असं नाही, पण तो महाग पडतो.

नको ते

शिसं. आयुर्वेदिक कच्च्या मालासाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने विरघळवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात नोंदला गेला आहे. त्यामुळे प्रयोगशाळेला शिशाबरोबर क्रोमियमही मोजायला सांगा. लेड क्रोमेटमध्ये शिसं आणि क्रोमियम यांचं वजन साधारण ४:१ असतं. अहवालात दोन्ही वाढलेले आणि त्याच प्रमाणात दिसले तर शिसं शेतातल्या मातीतून आलेलं नाही, हे जवळपास नक्की. लेड क्रोमेट इथेनॉलमध्ये विरघळत नाही, म्हणून गाळलेल्या अर्कात ते कमी दिसतं. उटण्यात मात्र भुकटीच जाते, सगळीच्या सगळी. उटणं करणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये.

द्रावकं. अर्कात मागे उरलेली द्रावकं हेडस्पेस जीसीवर, म्हणजे नमुन्यातून उडणारी वाफ तपासणाऱ्या वायू क्रोमॅटोग्राफीवर, मोजतात. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा: इथेनॉल, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट ५००० पीपीएम, मेथॅनॉल ३०००, हेक्झेन २९०, आणि इथिलीन डायक्लोराइड फक्त ५. तयार अर्क बाहेरून घेत असाल तर हा शेवटचा आकडा आवर्जून मागा. खाद्यरंग म्हणून वापरायच्या कर्क्युमिनला युरोपात याहून कितीतरी कडक नियम आहेत, तिथे इथेनॉल, अॅसिटोन, मेथॅनॉल, हेक्झेन अशा द्रावकांची एकूण बेरीजच ५० पीपीएमच्या आत लागते.

जंतू. कंद जमिनीतला, अंगणात वाळवलेला, त्यामुळे भुकटीत बीजाणू असतातच. फार्माकोपियाची मर्यादा ग्रॅममागे १ लाख जिवाणू आणि १ हजार बुरशी-यीस्ट. ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्युडोमोनास एरुजिनोसा अजिबात नकोत. अर्काचा अहवाल ‘शून्य’ आला तर खूश होण्याआधी एक विचारा: चाचणीत अर्काचा स्वतःचा जंतुरोधी परिणाम मारला होता का? पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन घालून तो मारावा लागतो, आणि मुद्दाम मोजके जंतू सोडून ते ताटलीवर परत उगवतात हे दाखवावं लागतं. नाही तर अर्कात जंतू आहेत, पण ताटलीवर उगवत नाहीत, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

भुकटी निर्जंतुक करायला वाफ किंवा गॅमा किरण वापरतात. मसाल्यांसाठी परवानगी असलेली किरणांची मात्रा ६ ते १४ किलोग्रे आहे आणि वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचा प्रकल्प हे काम करतो. इथिलीन ऑक्साइड वायूचा मार्ग निर्यात करणाऱ्यांनी टाळलेला बरा, युरोपात माल अडकतो. कीटकनाशकं आणि अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) या दोन्ही चाचण्या वर्षातून एकदा नाही, तर दर नव्या खरेदीला करा. शेतकरी बदलला की फवारणी बदलते.

आणि आता परिणाम

इथवर आल्यावर अँटिऑक्सिडंटचं बघू. डीपीपीएच चाचणी सोपी आहे. डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग अँटिऑक्सिडंटमुळे उतरतो. ०.१ मिलिमोलर जांभळं द्रावण मेथॅनॉलमध्ये, अर्काची पाच-सहा पातळ द्रावणं, अर्धा तास अंधारात, ५१७ नॅनोमीटरवर वाचन. रंग निम्मा उतरवायला किती अर्क लागला तो आयसी-५० आकडा. शेजारी तुलनेला अॅस्कॉर्बिक आम्ल किंवा ट्रोलॉक्स हे प्रमाणित अँटिऑक्सिडंट हवंच. अर्काचा पिवळा रंग वजा करण्यासाठी डीपीपीएच न घातलेली नळी हवी. आणि ‘८५ टक्के’ हा आकडा किती अर्कावर, हे लिहिलं नसेल तर तो आकडा निरर्थक आहे. अर्क वाढवत नेला की कुठलाही अर्क ८५ पर्यंत पोहोचतो, चहासुद्धा.

टायरोसिनेज, म्हणजे त्वचेचा रंग बनवणारं एन्झाइम. त्याची चाचणी त्वचा उजळवण्याच्या दाव्यासाठी करतात. अळंबीतलं एन्झाइम, एल-डोपा, ४७५ नॅनोमीटर, तुलनेला कोजिक आम्ल. ४७५ वर कर्क्युमिनचं शोषण अजून संपलेलं नसतं. प्रत्येक तीव्रतेला एन्झाइमविरहित नळी लावली नाही तर रंगाचं वाचन परिणामाच्या वाचनात मिसळतं.

पेशींवरच्या चाचण्यांत परिस्थिती आणखी बिकट. पेशी किती जिवंत आहेत हे पाहणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगाचं जांभळ्यात रूपांतर करतात. कर्क्युमिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं हेच काम पेशींशिवायही थोडंफार करतात. म्हणून चाचणीपट्टीत बिनपेशींचे खड्डेही लावा. शिवाय ७.२ पीएचच्या, सीरम नसलेल्या फॉस्फेट द्रावणात ३७ अंशांना कर्क्युमिनचा जवळपास ९० टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. ४८ तासांच्या प्रयोगात तुम्ही मोजता तो परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा? औषधरसायनशास्त्रात कर्क्युमिनची गणना चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंमध्ये होते. ते चमकतं, धातूंना धरून ठेवतं, प्रथिनांना चिकटतं आणि जवळपास प्रत्येक चाचणीत ‘होय’ म्हणतं. हळद निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. एका चाचणीवर विसंबू नये, वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी चाचणी लावावी, एवढाच.

जंतुरोधी चाचणीत उलटी फसगत होते. आगरमध्ये भोक पाडून अर्क घालतात आणि भोवतीचं रिकामं वर्तुळ मोजतात. कर्क्युमिन पाणीदार आगरमधून पसरतच नाही, म्हणून वर्तुळ लहान येतं. ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. ९६ खड्ड्यांच्या पट्टीत द्रवमाध्यमात किमान रोधक मात्रा काढा. गढूळपणा पिवळ्या रंगात दिसत नाही, म्हणून जिवंत जंतू असले की रंग बदलणारं रेझाझुरिन घाला. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक १ टक्क्याच्या आत ठेवा आणि नुसत्या डीएमएसओचा खड्डा लावा. प्रमाणित जंतू पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम संग्रहातून आणि चंडीगढच्या एमटीसीसीमधून मिळतात, पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून. मुरुमांवरचा दावा असेल तर क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हवा. तो ऑक्सिजनविना वाढतो, त्यामुळे त्याची सोय असलेली प्रयोगशाळा शोधावी लागते. ई. कोलायवर चाचणी करून मुरुमांचं क्रीम विकणारे पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

पोटातल्या औषधासाठी नळीतला आयसी-५० तसाच वापरता येत नाही, कारण कर्क्युमिन रक्तात फार कमी पोहोचतं. मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिल्यास माणसांत ते सुमारे २००० टक्क्यांनी वाढल्याचं बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. तेव्हापासून पायपरीन घातलेल्या गोळ्यांचं पेव फुटलं. शोषण वाढलं की इजाही वाढू शकते. अशा पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत. खाद्यपदार्थांतल्या कर्क्युमिनसाठी आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. ती लक्षात ठेवून मात्रा ठरवा.

क्रीममध्ये गेल्यावर

अर्क पास झाला म्हणजे क्रीम पास झालं असं नाही. कर्क्युमिन सौम्य आम्लात पिवळं, अल्कलीत लाल. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. हाताने केलेल्या साबणाचा पीएच ९-१० असतो, तिथे हळद तांबूस होते आणि मोडतही जाते. क्रीमचा पीएच ५ ते ५.५ ठेवा. कपड्यांना डाग नको असेल तर रंगहीन टेट्राहायड्रोकर्क्युमिन मिळतं, पण मग लेबलावर हळकुंडाचं चित्र छापताना जरा थांबावं.

तयार मालाच्या चाचण्या: पीएच, घट्टपणा, कर्क्युमिन, जंतू आणि संरक्षकाची कसोटी. कसोटीत जंतू मुद्दाम सोडून २८ दिवस मोजत राहतात. सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ग्रॅममागे १००० पर्यंत जंतू चालतात, डोळ्यांभोवतीच्या आणि लहान मुलांच्या मालात १००. ‘केमिकल-फ्री’ म्हणून संरक्षक न घातलेली पाणीदार क्रीमं या कसोटीत हमखास नापास होतात. टिकाऊपणासाठी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ठरावीक महिन्यांना हेच आकडे पुन्हा काढा.

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. त्वचेची जळजळ प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर तपासतात आणि नंतर नैतिकता समितीच्या परवानगीने स्वयंसेवकांवर पॅच चाचणी करतात. कर्क्युमिन प्रकाशात क्रियाशील होतं, म्हणून दिवसा लावायच्या मालाची प्रकाशविषारीपणाची चाचणीही करून घ्या. हळदीची अॅलर्जी क्वचित असते, पण असते.

अहवाल आणि लेबल

प्रयोगशाळेकडे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे, एवढं पाहून थांबू नका. मान्यता प्रत्येक चाचणीला वेगळी असते. त्या यादीत ‘हळद, कर्क्युमिनॉइड्स, एचपीएलसी’ असं आहे का ते बघा. अहवालावर बॅच क्रमांक, पद्धत, मोजता येणारी किमान मात्रा आणि आलेख हवेत. ‘आढळले नाही’ या शब्दांना किमान मात्रेशिवाय अर्थ नाही.

औषध म्हणून विकायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुष परवाना, सौंदर्यप्रसाधन असेल तर २०२० च्या नियमांखालचा. त्वचा ‘नितळ दिसते’ हे क्रीमच्या लेबलावर चालेल, ‘इसब बरा करते’ चालणार नाही, मग चाचणीत काहीही आलेलं असो.

नोंदी मात्र सगळ्या ठेवा, तारखेसह. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथे उपयोगी पडले ते छापील संदर्भ. ‘आमच्याकडे सगळेच लावतात’ एवढं म्हणून भागलं नसतं.

राखीव नमुना मालाची मुदत संपेपर्यंत, आणि वर थोडे महिने, जपून ठेवा. प्रत्येक टीएलसी पट्टीचा फोटो बॅचच्या फायलीत लावा. नव्या हंगामाची पोती आली की पुन्हा सूक्ष्मदर्शकापासून सुरुवात करा आणि नवी पट्टी गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. जात किंवा व्यापारी बदलला असेल तर तीन ठिपक्यांच्या प्रमाणातला फरक बहुधा तिथेच डोळ्यांना दिसतो, एचपीएलसीचं बिल येण्याआधी.